सिंगल माल्ट की पॉट स्टिल?
घोडबंदर रोडला मित्राच्या बाल्कनीत व्हिस्कीचे दोन ग्लास शेजारी ठेवले: आपली बंगळुरूची अमृत फ्यूजन आणि आयरिश रेडब्रेस्ट १२. फ्यूजन ५० टक्के अल्कोहोलची, पहिला घोट नाकात गेला. चमचाभर पाणी घातलं तेव्हा कुठे धुरकट चवीमागचा गोडवा कळला. ही सिंगल माल्ट, म्हणजे सगळी बार्ली (जव) मोड आणलेली, तेच माल्ट. रेडब्रेस्ट आयरिश पॉट स्टिल प्रकारातली, त्यात किमान ३० टक्के बार्ली कच्ची, मोड न आणलेली. माल्टवरचा कर वाचवायची जुनी आयरिश शक्कल. त्या कच्च्या धान्यानेच रेडब्रेस्ट जिभेवर साजुक तुपासारखी पसरते, मागून दालचिनीसारखा चटका. तीनदा ऊर्ध्वपातन, ४० टक्के, पाणी नकोच. माझं मत रेडब्रेस्टला. भाजलेल्या सुक्या बोंबलांपुढे मात्र ती बिचारी गप्प झाली. तिथे फ्यूजनच हवी.