पैसे ब्लेडलेसचे घेतले, शस्त्रक्रिया ब्लेडने केली

मी लेखा विभागात नोकरी करते आणि दुसऱ्यांनी सादर केलेली बिले तपासणे हेच माझे काम आहे. तरीही ठाण्यातील एका खासगी नेत्र रुग्णालयाने चष्मा घालवणाऱ्या ज्या ‘ब्लेडलेस’ लेसिक शस्त्रक्रियेचे ७८,५०० रुपये माझ्याकडून घेतले ती शस्त्रक्रिया माझ्यावर झालीच नाही, हे मला विम्याची कागदपत्रे जमवताना कळले. कार्यालयात ही गोष्ट मी अद्याप कोणाला सांगितलेली नाही. परंतु घोडबंदर रस्त्यापासून वाशीपर्यंत चष्मा घालवून देणाऱ्यांचे फलक झळकत असताना गप्प बसणेही मला पटत नाही.

फलकावर दोन्ही डोळ्यांचे २४,९९९ रुपये लिहिले होते. अशा आकड्याचे आत गेल्यावर काय होते ते सर्वांना ठाऊक असते, मलाही होते. तो दर लहान नंबरांसाठी असल्याचे काउन्सेलरने सांगितले. माझा नंबर उजव्या डोळ्याचा उणे ५.२५ आणि डाव्याचा उणे ४.७५ असल्याने ब्लेडने ३५,००० रुपये, तर ब्लेडलेसने ९२,००० रुपये आणि त्याच दिवशी ठरवल्यास ७८,५०० रुपये लागतील, असा हिशेब त्यांनी मांडला. मेडिक्लेममधून ऐंशी टक्के परत मिळतात, हेही त्यांनीच सांगितले. दहा हजार मी तिथेच भरले आणि उरलेल्या ६८,५०० रुपयांचे एका वित्तसंस्थेकडून बारा हप्ते करून देण्यात आले.

महाग पर्याय मी भुलून घेतला, असे कोणी समजू नये. दोन्ही पद्धतींत कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक भागाचा, पातळ फ्लॅप (पापुद्रा) उचलतात, त्याखाली एक्सायमर लेसरने आकार देतात आणि फ्लॅप परत बसवतात. फरक एवढाच की फ्लॅप मायक्रोकेराटोम नावाच्या यंत्रातील पात्याने कापायचा (ब्लेड) की फेम्टोसेकंद लेसरने (ब्लेडलेस). लेसरचा फ्लॅप ठरवलेल्या जाडीच्या जवळ राहतो, पात्याचा कमीअधिक होऊ शकतो. माझा कॉर्निया ५२८ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीचा होता. त्यातून ११० चा फ्लॅप आणि नंबरासाठी सुमारे ७५ वजा केले तर ३४३ उरतात. पात्याचा फ्लॅप १६० पर्यंत गेला तर २९३. खाली किमान २५० तरी उरावेत असा संकेत आहे, म्हणून मी बचावले. याच नंबरच्या ४८० मायक्रॉनवाल्या माणसाचे २४५ उरले असते. तपासणीनंतर कॉर्नियाची जाडी, फ्लॅपची जाडी आणि नंबरासाठी जाणारा भाग हे तिन्ही आकडे लेखी मागा. आढेवेढे घेतले तर तिथून उठा.

आता त्या संमतीपत्राविषयी, ज्याच्या आठवणीने अजून माझा संताप होतो. डोळ्यांचा पडदा तपासण्यासाठी बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घातल्यानंतरच ते माझ्या हातात देण्यात आले. चष्म्यातून जवळची अक्षरे पुसट दिसत होती. चष्मा काढून कागद नाकाशी धरला असता तर ते वाचता आले असते, कारण माझ्याएवढ्या नंबरला वीतभर अंतरावरचे उघड्या डोळ्यांनी दिसते. पण बाहेर रांग होती आणि काउन्सेलर पेन पुढे करून ‘मॅडम, फॉर्मॅलिटी आहे’ असे म्हणत होत्या. फ्लॅप कोणत्या पद्धतीने करायचा याचा निर्णय डॉक्टर आयत्या वेळी घेतील, हे कलम त्याच कागदावर होते. थेंब घालण्याआधी कागद मागून घ्या, नाहीतर घरी न्या.

शस्त्रक्रियागृहातही हे माझ्या लक्षात यायला हवे होते. तिथे एकच यंत्र होते. डोळ्यावर कडे दाबून बसवले, समोरचा दिवा काळा पडला आणि मोटार फिरल्यासारखा घर्रर्र आवाज काही क्षण आला. ‘हा लेसरच ना?’ असे मी विचारलेसुद्धा. ‘हो मॅडम, हलू नका,’ असे उत्तर मिळाले. डोळा चिमट्याने उघडा धरलेल्या अवस्थेत माणसाने याहून अधिक चौकशी ती काय करावी!

विमा कंपनीने दावा नाकारला. विम्याच्या प्रमाणित अटींत ७.५ डायॉप्टरहून (नंबर मोजण्याचे एकक) कमी नंबरच्या दुरुस्तीचा खर्च वगळलेलाच असतो. त्यावर काउन्सेलर म्हणाल्या, ‘आधी बोलला असतात तर कागद आठ नंबरचा केला असता.’ त्या वाक्यानंतर मी संपूर्ण नोंदी लेखी अर्ज करून मागितल्या. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार त्या ७२ तासांत द्याव्या लागतात आणि हा नियम अर्जातच लिहिला की कागद लवकर सापडतात. शस्त्रक्रियेच्या नोंदीत मायक्रोकेराटोम असे स्वच्छ लिहिले होते आणि खाली वापरलेल्या पात्याचे स्टिकरही चिकटवलेले होते. त्या दिवशी फ्लॅप करणाऱ्या लेसरचे यंत्र बंद होते, असा खुलासा मिळाला. मग फरकाचे ४३,५०० रुपये द्या म्हटल्यावर पॅकेज परत होत नाही, असे सांगितले. पावतीवर ‘लेसिक पॅकेज’ एवढेच आहे. पद्धतीचे नाव नसलेली पावती स्वीकारू नका.

पोलीस ठाण्यात तर विषय कळूनच घ्यायचा नव्हता. डॉक्टरांविरुद्ध गुन्हा नोंदवण्याआधी वैद्यकीय मंडळाचे मत लागते, असे मला ऐकवण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाचा २००५ चा तो निकाल निष्काळजीपणाविषयी आहे, माझी तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालील फसवणुकीची आहे, हे सांगितल्यावर अधिकारी म्हणाले, ‘ताई, दिसतंय ना नीट? मग कशाला?’ मत आणायला सरकारी रुग्णालयात गेले, तर तिथे तक्ता वाचायला लावून दोन्ही डोळे ६/६ असल्याने नुकसान नाही, असे तोंडी सांगितले आणि लेखी द्यायला नकार दिला. तिसऱ्या कार्यालयात दरपत्रकाविषयी विचारले. राज्याच्या शुश्रूषागृह नियमांनुसार २०२१ पासून दर आणि रुग्ण हक्क सनद दर्शनी भागात लावावी लागते, ती त्या नेत्र रुग्णालयात नव्हती. कार्यालयाने अर्ज ठेवून घेतला, पोच मात्र दिली नाही. साहेब दौऱ्यावर, शिक्का साहेबांच्या कपाटात. दुकानदाराने सोन्याचे पैसे घेऊन मुलामा दिला तर दागिना गळ्यात शोभतो म्हणून कोणी त्याला सोडत नाही. येथे मात्र माझी निरोगी नजर हाच रुग्णालयाचा बचाव झाला. ब्लेडची पद्धत वाईट आहे, असे माझे म्हणणे नाही, अनेक वर्षे ती वापरात आहे. माझे म्हणणे ४३,५०० रुपयांचे आहे.

हप्ते मात्र थांबवू नका. कर्ज वित्तसंस्थेचे असते आणि नोंद आपली खराब होते. दरमहा ५,७०८ रुपये मी भरतेच आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे आणि ती ई-जागृती पोर्टलवरून वकिलाशिवाय दाखल करता येते. मी केली आहे. रुग्णालयाचे उत्तरही आले असून त्याच्या पहिल्याच परिच्छेदात तक्रारदारास चष्म्याविना उत्तम दिसते, असे नमूद केले आहे.