काजूचे परागीभवन: मधपेटी, हात की फवारणी?

काजूच्या एका मोहोरात फुले शेकड्यांनी असतात, पण त्यांतली बहुतेक नर. बी धरू शकणारी द्विलिंगी फुले थोडीच. झाड मोहोराने भरते आणि बोंडू मात्र मोजकेच लागतात, तेव्हा परागीभवन आपणच करून द्यावे का, हा प्रश्न कोकणातल्या बागायतदाराला पडतोच. मार्ग तीन आहेत.

साठवलेला पराग ब्लोअरने किंवा ड्रोनने उडवणे पिस्त्याला शोभते. तिथे नर आणि मादी झाडे वेगळी असतात आणि पराग वाऱ्याने जातो. २०१५ साली कॅलिफोर्नियात उबदार हिवाळ्यामुळे दोघांचा फुलोरा जुळला नाही आणि पुष्कळ पिस्ते पोकळ निघाले. अशा वर्षी साठवलेला पराग कामाला येऊ शकतो. काजूचा पराग चिकट, तो मुख्यतः कीटकांच्या अंगाला लागून जातो. मोहोरही कित्येक आठवडे टप्प्याटप्प्याने फुलतो, म्हणजे एका फवारणीत भागणार नाही. आणि पराग वाढला की पीक वाढतेच असेही नाही: अक्रोडाच्या ‘सेर’ जातीत पराग जास्त झाला तर मादी फुले गळून पडतात. काजूसाठी यात पैसे घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

हाताने पराग लावणे अचूक असते. वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या संकरित जाती अशाच नियंत्रित संकरातून आल्या. पण सात बाय सात मीटरवर लावलेल्या बागेत हेक्टरी दोनशेच्या आसपास झाडे येतात. रोज सकाळी प्रत्येक मोहोरातले ताजे द्विलिंगी फूल शोधायला मजूर आणायचे कुठून?

उरतात मधपेट्या, आणि माझा कौल त्यांनाच. सातेरी इथलीच माशी, कोकणच्या हवेत रुळलेली. तिला मेणकिडा लागतो, ती पेटी सोडूनही जाते, म्हणून सांभाळणारा माणूस हवा. डंखरहित माशी लांब उडत नाही, पण लहान बागेला पुरते आणि मजुरांना चावायची भीती नाही. थोडी फुले उमलू लागली की पेट्या सावलीत ठेवाव्यात. खरी अडचण ढेकण्यावरच्या, म्हणजे काजूचा रस शोषणाऱ्या किडीवरच्या फवारणीची. मोहोर फुललेला असताना भर सकाळी कीटकनाशक मारले, तर भाड्याने आणलेल्या माश्या आपणच मारतो. शक्यतो फुले उमलण्याआधी फवारावे. नंतर करावीच लागली तर संध्याकाळी, माश्या परतल्यावर, पेट्या लांब हलवून.

पेट्या घेण्याआधी एका हंगामात बाग तपासून पाहा. काही झाडांवर निवडक मोहोरांना दोरा बांधा, त्यांतल्या द्विलिंगी फुलांना दुसऱ्या झाडाचा पराग हाताने लावा आणि शेजारचे तितकेच मोहोर तसेच सोडा. नखाएवढी फळे मोजू नका, ती पुष्कळ गळतात. पक्व बिया मोजा. फरक ठळक असेल तर पेट्या आणा. दोन्हीकडे बिया सारख्याच भरल्या तर बागेत परागाची उणीव नाही; तो पैसा खतावर आणि ढेकण्याच्या बंदोबस्तावर खर्च करा.