अण्णांची मेडिक्लेम पॉलिसी दुसऱ्या कंपनीत पोर्ट करून घेतली, विमा सल्लागार माणूस कामाचा आहे

गणपतीत रत्नागिरीला घरी गेलेलो तेव्हा अण्णांच्या मेडिक्लेमचा रिन्यूअलचा आकडा बघून डोकंच फिरलं, वय ७१, दरवर्षी मुकाट भरत आलेत, कारण काय तर "जुनी कंपनी, उगाच कशाला बदलायची". मारुती मंदिरजवळ एक विमा सल्लागार बसतात झेरॉक्सच्या दुकानाच्या वर, जिना जरा उभा आहे, गुडघेदुखीवाल्यांनी जपून. पण माणसाला घाई नाही. अण्णांना एकच गोष्ट तीनदा समजावली, आवाज न चढवता. पोर्ट करायचं तर रिन्यूअलच्या निदान ४५ दिवस आधी अर्ज, जुन्या आजारांचा वेटिंग पिरियड, म्हणजे ज्या काळात त्यांचा क्लेम मिळत नाही तो, जेवढा भरलाय तेवढा नवीन कंपनीत मोजला जातो, पण तो जुन्या कव्हरच्या रकमेपुरताच. आणि नवीन कंपनी नाही पण म्हणू शकते, म्हणून तिकडून हो आल्याशिवाय जुनी सोडायची नाही. बीपी-शुगर लपवू नका हे तर दोनदा बजावलं. वर स्वतःहून ७० वरच्यांचं सरकारी आयुष्मान कार्ड काढायला सांगितलं, ५ लाखांचं, त्यात त्यांना कमिशन काय मिळणार?

आईच्या मोबाईलचा नंबर पण तिथेच पोर्टला टाकला, १९०० वर मेसेज. लाईटबिलाचं विचारलं तर हसले, आपल्याकडे महावितरण एकच हो, बदलून जाणार कुठे.

वैताग एवढाच की दुपारी १ ते ४ बंद, फोन उचलत नाहीत. एक स्टार त्याचा कापलाय.