‘द पियानिस्ट’ : आधी चित्रपट की आधी पुस्तक?

दुसऱ्या महायुद्धातला, पोलंडमधल्या वॉर्सा रेडिओवरचा ज्यू पियानोवादक व्लादिस्लाव श्पिलमान. ऑगस्ट १९४२ मध्ये घरच्या सगळ्यांना ट्रेब्लिंका या नाझी मृत्युछावणीच्या गाडीत कोंबलं गेलं, हा एकटा मागे राहिला आणि पुढे लपतछपत जगला. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. आता दिग्दर्शक रोमान पोलान्स्कीचा २००२ चा चित्रपट बघावा की श्पिलमानच्या आठवणी वाचाव्यात? मी दोन्ही केलंय, आधी चित्रपट, मग पुस्तक.

चित्रपट जबरदस्त आहे. पोलान्स्की लहानपणी स्वतः क्राकोव्हच्या घेटोतून, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतून, वाचलेला. रस्त्यावरचं क्रौर्य तो भडक न करता समोर ठेवतो. लपायच्या खोलीत पियानो आहे, पण आवाज झाला तर जीव जाणार, म्हणून श्पिलमान झालेल्या एड्रियन ब्रोडीची बोटं पट्ट्यांच्या वर हवेतच फिरतात. हे पडद्यावरच पाहावं.

मला खटकलं ते एकच, पण फार खटकलं. नोव्हेंबर १९४४. जर्मन कॅप्टन होजेनफेल्ट त्याला वाजवून दाखवायला सांगतो. चित्रपटात तो पोलिश संगीतकार शोपँचं जी मायनर बॅलड ही अवघड, मोठी रचना वाजवतो, तीही झंझावातासारखी. पुस्तकात शोपँचंच सी शार्प मायनर नॉक्टर्न आहे, छोटंसं, शांत. अडीच वर्षं रियाज नाही, बोटं ताठलेली, त्यांवर मळाचा थर, नखं वाढलेली, खिडक्यांना काचा नसल्यामुळे पियानो दमटपणानं फुगलेला. मी पेटी वाजवतो. काही महिने हात लावला नाही तर साधी तानसुद्धा अडखळते, म्हणून त्या बॅलडवर माझा विश्वास बसत नाही. जाणकारांचं मत वेगळं असू शकेल. पण चित्रपटात कलाकाराचा विजय दिसतो. पुस्तकात उपाशी, आजारी माणूस जमेल तेवढं वाजवतो, आणि मला तेच मोठं वाटतं.

शिवाय एकटेपणात वेड लागू नये म्हणून तो पूर्वी वाजवलेल्या रचना मनातल्या मनात ओळीओळीनं आठवत बसायचा, हे पुस्तकातच नीट कळतं. हे लिखाण १९४६ चं, जखम ओली असतानाचं, तरी त्यात आक्रोश नाही. नव्या आवृत्तीत होजेनफेल्टच्या डायरीतले उतारेही आहेत. आपल्याच सैन्याची लाज वाटणारा हा अधिकारी १९५२ मध्ये सोव्हिएत कैदेत मेला. चित्रपटात त्याच्या वाट्याला शेवटचा थोडाच भाग येतो.

एकच संध्याकाळ मोकळी असेल तर चित्रपट बघा, वाया जाणार नाही. आठवडा काढता येत असेल तर मात्र मी पुस्तकच आधी सुचवेन, आणि डायरीचे उतारे वगळू नका.