गिरणीतला साउंडबॉक्स: 8 महिन्यांनंतर

साताऱ्याजवळच्या एका गावात आमची पिठाची गिरण आहे. वडील, म्हणजे आप्पा, ती चालवतात. मी पुण्यात नोकरीला, मोबाइलवेडा. 2016 ला यूपीआय आलं, मागोमाग नोटाबंदी झाली, तेव्हापासून माझ्या पाकिटात पैसे कमी आणि पावत्याच जास्त. आप्पांच्या भिंतीवर मात्र क्यूआर कोड चिकटायला 2021 उजाडलं. दुकानदाराला फी लागत नाही, पैसे थेट बँकेत जातात, गिऱ्हाइकाचं ॲप कुठलंही असो, चालतं, हे मी दर दिवाळीला सांगून थकलो होतो. शेवटी शेजारच्या दूधवाल्याने कोड लावला आणि सुट्ट्यांची त्याची कटकट संपलेली आप्पांनी रोज बघितली. मग मला फोन: "ते चौकोनी चित्र आपल्याला पण पाहिजे."

साउंडबॉक्स, म्हणजे कोडवर पैसे जमा झाले की रक्कम मोठ्याने बोलून सांगणारी पेटी, तीही तशीच आली. घेताना मी बघितलं काय? फोरजी सिम, बॅटरी किती दिवस टिकते, कार्ड टॅप होतं का. आप्पांची अडचण भलतीच होती. हात दिवसभर पिठात. पिठाच्या बोटांना स्क्रीन दाद देत नाही, चष्म्यावर पिठाचा थर, मेसेज वाचायचा तर आधी धोतराला हात पुसा. तोवर गिऱ्हाईक स्वतःचा मोबाइल पुढे करून "गेले बघा" म्हणणार. त्या हिरव्या खुणेवर विश्वास ठेवायचा की नाही, हा रोजचा अवघड प्रश्न. कारण तसला फोटो कुणीही दाखवू शकतो.

पहिला आठवडा वाया गेला. एक तर पेटी हिंदीत बोलत होती. "उनतालीस" म्हणजे एकोणतीस की एकोणचाळीस, आप्पांना काही उमगेना. भाषा मराठी करून घेतली. दुसरं म्हणजे मोटर चालू असताना गिरणीत शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, तिथे ही पेटी काय ऐकू येणार? मी आवाज पूर्ण वाढवला, जागा बदलून बघितली, बाहेरून स्पीकर जोडता येतो का तेही शोधलं. पुढच्या खेपेला गेलो तर आप्पांनी पेटी सुतळीने बाहेरच्या खिडकीच्या गजाला बांधलेली, वर आईच्या जुन्या ओढणीचा तुकडा. दिसायला भयंकर. पण जाळीत पीठ जात नाही, आणि ओट्यावर नंबर लावून बसलेल्या बायकांना आवाज स्वच्छ येतो. त्याच आत ओरडून सांगतात, "आप्पा, पंचेचाळीस आलं!" माझ्या डोक्यात ही जोडणी कधीच आली नसती. वीज गेली की मोटर थांबते आणि पेटी बॅटरीवर चालू राहते, तेव्हा आप्पा स्वतः ऐकतात. तेवढ्यापुरतं भारनियमन त्यांना गोड लागतं.

गिऱ्हाइकांचाही फायदा झाला. गव्हाच्या डब्याचे 30 रुपये द्यायचे होते, एक आजी नातवाच्या मोबाइलवरून पैसे भरून निघाल्या. पेटी म्हणाली "तीनशे रुपये". ओट्यावर एकच हशा. आजी वळणाच्या पलीकडे पोचायच्या आत त्यांना परत बोलावलं, आप्पांनी गल्ल्यातून 270 रोख दिले. फोनवरच्या मेसेजच्या भरवशावर असते तर रात्री हिशेबाला बसल्यावर कळलं असतं.

तक्रारी आहेत. रेंज गेली की पेटी मुकी होते आणि रेंज आली की सगळं एकदम ओकते. एकदा वीसेक मिनिटांनी सलग आठ रकमा बोलली. कुठली कुणाची, ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. पेटी फक्त रक्कम सांगते, नाव नाही. त्या दिवशी वही कामी आली. हो, वही अजून आहे. नाव, किलो, पैसे, आणि पेटी बोलली की शेजारी एक टिंब. पहिल्या महिन्यात मी वही बंद करा म्हणून वाद घातला होता, आता विषय काढत नाही. दुसरी तक्रार कंपनीवर: चार्जिंगचं तोंड ढिलं झालं म्हणून पेटी 9 दिवस दुरुस्तीला होती, तरी महिन्याचं भाडं पूर्ण कापलं. दोनदा फोन करूनही परत मिळालं नाही.

घ्यावी का? छोट्या धंद्यात, हात मोकळे नसतील तर जरूर. वडा तळणारा, मासळी कापणारी, पंक्चर काढणारा, यांना माझ्यासारख्यांपेक्षा जास्त उपयोग. रेंज आधी तपासा, आणि पेटी कुठे ठेवायची हे जो रोज तिथे उभा राहतो त्यालाच ठरवू द्या.

गेल्या महिन्यात कंपनीचा माणूस नवं मॉडेल घेऊन आला. छोटा पडदा, कार्ड टॅप करायची सोय. मी फोनवरच हुरळलो. आप्पांनी त्याला एवढंच विचारलं, "आवाज ह्याच्यापेक्षा मोठा हाय का?" तो म्हणाला, तेवढाच आहे. आप्पांनी त्याला चहा पाजला आणि दळणाला लागले.