ताणाचा आठ आठवड्यांचा गट: पूर्ण करून आल्यावर

आमच्या कॉलेजच्या समुपदेशन केंद्रातला, ताण हाताळायला शिकवणारा हा गट मी या सत्रात पूर्ण केला. आठवड्यातून एकदा, दीड तास, आम्ही बारा जण. नाव दिल्यावर पाच आठवडे थांबावं लागलं आणि माझे सगळ्यात वाईट दिवस नेमके तेच होते. ही पहिली तक्रार.

सुरुवातीला दहा प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली. मानसशास्त्रज्ञ शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली केलेल्या, ताण किती जाणवतो ते मोजणाऱ्या मोजपट्टीची ही आटोपशीर आवृत्ती. गेल्या महिनाभरात अडचणींचा ढीग झालाय असं किती वेळा वाटलं, अशा प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार गुण, म्हणजे जास्तीत जास्त चाळीस. माझे २९ आले. हे निदान नव्हे, असं गट घेणाऱ्या मॅडमनी लगेच सांगितलं. तरी आकडा पाहून मला रडू आलं. चार महिने मी स्वतःला नुसती आळशी समजत होते.

तिसऱ्या बैठकीसाठी मात्र मी या गटाची कायम ऋणी राहीन. लाझारस आणि फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ साली मांडलेला फरक मॅडमनी समजावला: काही वेळा आपण अडचणीवरच काम करतो, काही वेळा अडचणीमुळे मनात जे उठतं ते सावरतो. मग वहीच्या पानावर मधोमध रेघ मारायला लावली. डावीकडे माझ्या हातात असलेलं, उजवीकडे नसलेलं. माझ्या डावीकडे आला राहिलेला संख्याशास्त्राचा पेपर, उजवीकडे आईचे तपासणीचे रिपोर्ट.

मग त्यांनी विचारलं, "या दोन्हींसाठी सध्या काय करतेस?" उत्तर लिहिता लिहिता माझा हात थांबला. पेपरचा विचार आला की मी मालिका लावून मन रमवत होते. आणि रिपोर्टसाठी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत आजारांची माहिती शोधत बसत होते. जिथे काम करायचं तिथे मी मन सावरत होते, आणि जिथे मन सावरायचं तिथे काम करत होते. त्या रात्री शोधाशोध न करता आईला फोन केला. दुसऱ्या दिवशी संख्याशास्त्राची दोन गणितं सोडवली. दोनच, पण सोडवली.

स्नायू आवळून सैल सोडण्याची जेकबसन यांची पद्धत मला जमली नाही. शेजारच्या मुलाला तिच्यामुळे झोप लागायला लागली. श्वास सावकाश, लांब सोडण्याचा सराव मी परीक्षेच्या दाराशी उभी राहून करते.

पाचव्या बैठकीबद्दल मला राग आहे. मनात साठलेलं पंधरा मिनिटं लिहून काढा, एवढंच सांगितलं गेलं. पेनेबेकर आणि बील या संशोधकांनी १९८६ साली कॉलेजच्या विद्यार्थ्यांकडून सलग चार दिवस असंच लिहून घेतलं होतं. त्यात घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या महिन्यांत कमी झाल्या, पण लिहून झाल्याझाल्या त्यांना जास्तच उदास वाटलं होतं. ही दुसरी बाजू आम्हाला आधी सांगायलाच हवी होती. एक मुलगी उठून बाहेर गेली ती त्या दिवशी परत आली नाही.

आणखी एक गोष्ट खटकली. एकाच आठवड्यात तीन विभाग सबमिशन ठेवतात, तो ताण आमच्या श्वासोच्छ्वासाने कसा हटणार? मी हे विचारलं, तेव्हा मॅडमनी ते मान्य केलं आणि आम्हा सगळ्यांच्या सह्यांचं पत्र विभागांकडे पाठवलं. उत्तर अजून नाही. पण त्या पत्राने मला फार धीर दिला.

शेवटी तीच प्रश्नावली पुन्हा भरली: १९. तोवर परीक्षा संपली होती आणि आईचे रिपोर्टही चांगले आले होते, त्यामुळे दहा गुणांचं सगळं श्रेय गटाला देणार नाही. झोपेत पडलेला फरक मात्र त्याआधीचा, चौथ्या आठवड्यापासूनचा.

अभ्यास, घर, मैत्री यांचा गुंता झालाय पण दिवस कसाबसा रेटता येतोय, अशांनी जरूर जावं. जगणंच नको वाटत असेल किंवा कित्येक आठवडे झोप-जेवण उडालं असेल, तर या यादीत नाव घालून थांबू नका. घरच्या किंवा जवळच्या कुणाला तरी सांगा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. बाकीच्यांनी सत्राच्या पहिल्याच आठवड्यात नाव द्या, परीक्षा जवळ आली की जागा उरत नाही.