शैवालाच्या दगडीविरुद्ध तीन जंतुनाशकं: काही महिन्यांच्या वापरानंतर

प्रोटोथेका हे हरितद्रव्य नसलेलं एकपेशीय शैवाल. ओलं शेण, चिखल, साचलेलं पाणी यांत ते मजेत जगतं आणि सडाच्या तोंडातून कासेत शिरतं. त्यातून होणारी ही दगडी (कासदाह) नेहमीसारखी दिसत नाही. कास बहुधा गरम-लाल होत नाही. दूध पाण्यासारखं पातळ, त्यात बारीक गुठळ्या, सीएमटी (दुधात द्रावण मिसळून करायची दगडीची चाचणी) दरवेळी घट्ट आणि दूध हळूहळू कमी होत जातं. सडात कितीही ट्यूबा सोडल्या तरी गुण येत नाही, कारण जिवाणूंवरची औषधं शैवालावर चालत नाहीत. त्यामुळे खाली जे लिहिलंय ते आजारी गाय बरी करण्यासाठी नाही, बाकीच्या गाई वाचवण्यासाठी आहे.

सर्वांत उपयोगी ठरलं पोव्हिडोन आयोडीन. १० टक्क्यांचं द्रावण ५०० मिली, ग्लिसरीन १०० मिली आणि उकळून गार केलेलं पाणी ४०० मिली, असं एक लिटर टीट डीप, म्हणजे सड बुडवायचं द्रावण, तयार होतं. त्यात उपलब्ध आयोडीन ०.५ टक्के राहतं. ग्लिसरीन टाळू नका, थंडीत सड तडकतात आणि भेगांत घाण बसते. धारेआधी सड पूर्ण बुडवून ३० सेकंद थांबायचं, मग प्रत्येक गाईला वेगळ्या कोरड्या कापडाने किंवा कागदाने पुसायचं. हे पुसणं चुकलं तर आयोडीन दुधात उतरतं. धारेनंतर पुन्हा बुडवायचं आणि पुसायचं नाही. सडाच्या टोकावर तपकिरी थेंब लोंबताना दिसला की डीप नीट झालं असं समजा; नुसता फवारा मारला तर सडाची मागची बाजू हमखास कोरडी राहते. धारेनंतर सडाचं तोंड साधारण अर्धा तास उघडं असतं, म्हणून गव्हाणीत लगेच वैरण टाकावी, गाय बसत नाही. कपात उरलेलं द्रावण परत कॅनमध्ये ओतू नये. शेण मिसळलं की आयोडीन तिथेच खर्ची पडतं आणि रंग फिका होतो. फिकं दिसलं की फेकून द्या.

लाल औषधाची बादली मात्र बंदच करा. पोटॅशियम परमँगनेट शेण लागताच तपकिरी पडतं, म्हणजे त्याचा जोर संपलेला असतो. त्याच बादलीतलं एकच फडकं दहा गाईंच्या कासेला फिरलं तर एका गाईची लागण सगळ्या गोठ्यात पोहोचते.

फरशी, गव्हाण आणि बादल्यांसाठी सोडियम हायपोक्लोराइट स्वस्त आणि चांगलं. ४ टक्क्यांचं असेल तर १० लिटर पाण्यात २५० मिली, आणि निदान १० मिनिटं ओलं ठेवायचं. अट एकच: आधी शेण खरवडून, धुऊन जागा स्वच्छ झालेली हवी. शेणावर ओतलं तर क्लोरीन शेणातच संपतं. उन्हात ठेवलेला कॅन काही आठवड्यांत निकामी होतो. मशीनमध्ये साचणाऱ्या दुधाच्या कडक थरावर (दुग्धखड्यावर) वापरायच्या आम्लात हे कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. ॲल्युमिनियमच्या किटल्यांनाही ते खातं.

मिल्किंग मशीनसाठी पेरासेटिक ॲसिड उजवं. शैवाल लायनरच्या (सडावर बसणाऱ्या रबरी नळीच्या) आत चिकट थर धरून बसतं, म्हणून आधी गरम पाणी, डिटर्जंट आणि ब्रश, मगच हे. ५ टक्क्यांचं असेल तर ५ लिटर थंड पाण्यात १०० मिली, तेही रोज ताजं. कालचं द्रावण भरवशाचं नसतं. वास फार झोंबतो, त्यामुळे हातमोजे आणि चष्मा हवाच. चिरलेले लायनर बदला; चिरेत कोणतंच औषध पोहोचत नाही.

बऱ्याच देशांत अशी गाय थेट कत्तलखान्यात जाते. आपल्याकडे तो मार्ग नाही, म्हणून वेगळं ठेवण्यावरच सगळी भिस्त. तिला वेगळी बांधा, धार सर्वांत शेवटी काढा आणि शक्य असेल तर तिचा क्लस्टर (मशीनचा सडांना लावायचा चार कपांचा संच) वेगळा ठेवा. तिचं दूध वासरांना पाजू नका, ते शैवाल वासराच्या शेणातून परत गोठ्यात येतं. फरशीवरही ओतू नका. उकळून मगच टाका. दुधाचा नमुना तपासायला देताना सॅबोराड माध्यमावर (बुरशी-यीस्ट वाढवायच्या प्रयोगशाळेतल्या खाद्यावर) वाढवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला आवर्जून सांगा, कारण नुसत्या वसाहती पाहून या शैवालाला यीस्ट समजण्याची चूक सहज होते. नवी गाय गोठ्यात घेताना चारही सडांची सीएमटी वेगवेगळी करा.